अर्धवट कामाला जागा हवी

शहरात राहणाऱ्या माणसाच्या हातून छंद का सुटतात, या प्रश्नाला आपण एकच ठरलेलं उत्तर देतो : वेळ मिळत नाही. हे उत्तर अपुरं आहे. संध्याकाळचा पाऊण तास, सुट्टीच्या सकाळचे दोन तास एवढा वेळ बहुतेकांकडे असतो. तो तुकड्यातुकड्यांनी मिळतो, ही खरी अडचण. अशा वेळात हातांनी काही घडवायचं, तर काल जिथे थांबलो तिथूनच आज सुरुवात करता आली पाहिजे. म्हणजे काम अर्धवट सोडून उठता येईल आणि परत येईपर्यंत ते कुणी हलवणार नाही, अशी जागा लागते. शहरी घरात ती नसते आणि शहराच्या सार्वजनिक जागांमध्येही ती कुणी ठेवलेली नाही. ती ठेवणं हे नगरनियोजनाचं काम आहे, असं माझं ठाम मत आहे.

लाकडाची एक साधी पेटी घ्या. चार बाजू, एक तळ, एक झाकण. पहिल्या संध्याकाळी फळ्या आखून कापायच्या. दुसऱ्या संध्याकाळी कडा रंध्याने सरळ करायच्या आणि काटकोन दाखवणारा गुण्या लावून तपासायच्या. तिसऱ्या संध्याकाळी गोंद लावून शिकंजे, म्हणजे जोड दाबून धरणारे क्लॅम्प, आवळायचे. शिकंजे आवळले की पेटीचे दोन्ही कर्ण मोजायचे. ते सारखे भरले तरच पेटी काटकोनात आहे. दोन-तीन मिलिमीटरचा फरक निघाला, तर गोंद ओला असतानाच शिकंजा लांब कर्णाच्या दिशेने किंचित तिरपा करून तो काढता येतो. सुतारकामाचा पांढरा गोंद अर्ध्या-एक तासात धरतो, पण त्याला पुरी ताकद यायला साधारण चोवीस तास लागतात. तेवढ्या वेळात पेटीला धक्का लागला तर कोपरे सरकतात. वाळल्यावर सरकलेला कोपरा परत जागेवर येत नाही, जोड फोडावाच लागतो.

हेच जेवणाच्या टेबलावर करायचं म्हटलं, तर अवजारं काढून, टेबलावर काही अंथरून, फळी पक्की धरायची सोय करण्यात पंधरा मिनिटं जातात. शेवटी भुसा झाडून, पाती पुसून, सगळं पलंगाखाली ढकलायला आणखी पंधरा-वीस मिनिटं लागतात. पाऊण तासातली जेमतेम दहा मिनिटं हातात उरतात आणि त्यात नवशिक्याची एक कडही सरळ होत नाही. गोंद लावायच्या दिवशी तर टेबल चोवीस तास अडतं, मग घरातले बाकीचे जेवणार कुठे? चौथ्या-पाचव्या खेपेनंतर माणूस पेटी बाहेर काढेनासा होतो. त्याच्यात चिकाटी नाही असं घरचे म्हणतात, हळूहळू त्यालाही ते पटतं. काढायला आणि आवरायला अजिबात वेळ न लागणारी एकच करमणूक मग घरात उरते, ती म्हणजे फोन. संध्याकाळ तिकडे वाहून जाते, त्याचा दोष आपण माणसाच्या स्वभावाला देतो. मला हा दोष जागेच्या रचनेत दिसतो.

मातीकामात हे आणखी स्पष्ट होतं. चाकावर काढलेलं भांडं त्याच दिवशी पुरं होत नाही. एक-दोन दिवसांनी, बोटाने दाबलं तर खळगा पडू नये पण नखाने कोरता यावं, इतकं ते घट्ट होतं. तळ तासायचा, कान जोडायचा तो तेव्हा. ही वेळ हुकली की जोड धरत नाही, कारण सुकलेलं भांडं आकसून झालेलं असतं आणि ओला कान नंतर आकसतो. त्या ओढाताणीत जोडापाशी चीर पडते. म्हणून भांडं प्लास्टिकमध्ये गुंडाळून ओल राखायची, काम झालं की पुन्हा सैल गुंडाळून आठवडाभर सावकाश सुकू द्यायचं. एकाच बाजूने वारा लागला तर काठ वाकतो. आत ओल राहिलेली असताना भांडं भट्टीत गेलं, तर शंभर अंशांच्या पुढे त्या पाण्याची वाफ होते, भांडं फुटतं आणि त्याच्या ठिकऱ्यांनी शेजारची भांडीही जातात. या सगळ्यात प्रत्यक्ष हात लावून केलेलं काम तासाभराचं असतं. बाकीचे आठ-दहा दिवस भांड्याला फक्त एक न हलणारी फळी हवी असते. तैलरंगाचा खालचा थर वाळायला दिवस लागतात, बेतून कापलेला कपडा शिवून होईपर्यंत पसरलेला राहतो, हजार तुकड्यांचं कोडं आठवडाभर अर्धं असतं. छंद वेगवेगळे, गरज तीच.

आता शहर फावल्या वेळासाठी काय काय देतं ते पाहू. बाग, मैदान, वाचनालय, व्यायामशाळा, पोहण्याचा तलाव, तासाच्या भाड्यावर मिळणारं सभागृह. या सगळ्यांचा नियम एकच आहे : येताना जागा मोकळी मिळेल, जाताना मोकळी करून द्या. चालणं, पळणं, खेळणं, वाचणं, गाणं यांना हा नियम पुरतो आणि त्या सोयी हव्यातच. पण काही घडवू पाहणाऱ्याला या नियमाचा उपयोग नाही. हाच अडथळा शिकवणीच्या वर्गालाही असतो. तीन महिन्यांच्या वर्गात माणूस सुरुवात शिकतो, वर्ग संपतो आणि सराव कुठे करायचा हा प्रश्न तसाच उभा राहतो. ‘आवड असेल तो वर्ग लावेल’ असं म्हणून नियोजनकारांनी हात झटकू नयेत.

हा नियम मोडणारी एक जुनी व्यवस्था जगात आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९०८च्या कायद्याने, मागणी असेल तिथे रहिवाशांना भाजीपाला लावण्यासाठी जमिनीचे तुकडे भाड्याने देण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. अशा तुकड्याचं पारंपरिक माप दहा रॉड, म्हणजे सुमारे २५० चौरस मीटर. मला त्यातलं क्षेत्रफळ फारसं महत्त्वाचं वाटत नाही. महत्त्वाचं हे की तो तुकडा एका माणसाकडे हंगामामागून हंगाम राहतो आणि संध्याकाळी घरी जाताना रोपं उपटून न्यावी लागत नाहीत. अर्धवट कामाला जागा देणं ही सार्वजनिक संस्थेची जबाबदारी असू शकते, हे बागकामाच्या बाबतीत शंभर वर्षांपूर्वीच मान्य झालं आहे. सुतारकाम, मातीकाम, शिवण, दुरुस्ती यांच्या बाबतीत ते मान्य व्हायला फार कमी जमीन लागेल.

नंतरचे प्रयोगही उपयोगी आहेत, पण कोणता प्रयोग कुठवर पोचतो ते नीट पाहायला हवं. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या सार्वजनिक वाचनालयाने १९७९मध्ये पुस्तकांसारखी अवजारं घरी द्यायला सुरुवात केली. त्याने अवजाराचा खर्च वाचतो, पण घरी नेलेली करवत चालवायची कुठे, हे तसंच राहतं. ॲमस्टरडॅममध्ये २००९मध्ये पहिला रिपेअर कॅफे भरला. बिघडलेली वस्तू घेऊन या, जाणकाराच्या मदतीने दुरुस्त करा, घेऊन जा. तो सभागृहात भरू शकतो, कारण बरीचशी कामं एका बैठकीत उरकतात. ऑस्ट्रेलियात पसरलेल्या ‘मेन्स शेड’ या कार्यशाळा माझ्या मागणीच्या सगळ्यांत जवळ येतात. तिथे कायमची बाकं आहेत, अर्धी कामं ठेवायची सोय असते. मात्र त्या प्रामुख्याने निवृत्त पुरुषांना डोळ्यांसमोर ठेवून उभ्या राहिल्या. नोकरी करणाऱ्या बाईला किंवा तरुणाला उपयोगी पडायचं, तर कार्यशाळा संध्याकाळी उघडी हवी.

या मागणीवर हमखास येणारं उत्तर म्हणजे ‘गच्चीवर करा’. गच्ची फुकट आहे असं समजणाऱ्यांनी एकदा वजनाचा हिशेब करावा. ओली बागेची माती घनमीटरला १७०० किलोच्या आसपास भरते. ६० सेंटिमीटर लांब-रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल अशा एका वाफ्यात १०८ लिटर माती मावते. पाणी घातल्यावर तिचं वजन जवळपास १८० किलो होतं. म्हणजे वाफ्याखालच्या भागावर चौरस मीटरला ५०० किलो. निवासी इमारतींच्या स्लॅबवर वापराचा भार साधारण १५० ते २०० किलो प्रति चौरस मीटर धरलेला असतो. एकटा वाफा पेलला जातो, कारण भार आजूबाजूला वाटला जातो. असे दहा वाफे स्लॅबच्या मध्यावर ओळीने लावले की तडा आणि गळती यांना आमंत्रण. ज्यांना गच्चीवर बाग करायचीच आहे त्यांनी वाफे तुळईच्या रेषेवर, भिंतीच्या कडेने ठेवावेत, नारळाच्या काथ्याचा भुसा आणि कंपोस्ट मिसळून माती हलकी करावी, आणि वाफे पाच-सात सेंटिमीटर उचलून ठेवावेत, म्हणजे खाली पाणी साचून जलरोधक थर कुजणार नाही. पण हातोडी, रंधा आणि भट्टी गच्चीवर नेण्यात शहाणपण नाही. ठोकल्याचा आवाज स्लॅबमधून थेट खालच्या घरात उतरतो, आणि पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळ्यात कुणी उभंही राहू शकत नाही.

जागा तळमजल्यावरच हवी. किती? एका मोटारीच्या पार्किंगला साधारण अडीच बाय पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा लागते. चार मोटारींची जागा धरली तर पन्नास चौरस मीटर होतात. तेवढ्यात एक चांगली कार्यशाळा बसते. मोठ्या गृहसंकुलात किंवा एका प्रभागात चार मोटारींची जागा देता येत नाही, हे म्हणणं मी मान्य करणार नाही. मोटार दिवसातला बहुतेक वेळ उभी असते, तिच्यासाठी नियमावलीत जागा सक्तीची आहे. माणसाच्या हातांसाठी त्याच नियमावलीत एक ओळ घालता येते.

त्या पन्नास चौरस मीटरांत सगळ्यांत आधी काय आखायचं? बहुतेक जण यंत्रांपासून सुरुवात करतात आणि तिथेच चुकतात. आधी खण आखायचे. सहा मीटर लांबीच्या भिंतीवर ६० सेंटिमीटर रुंद, तेवढेच खोल आणि ४० सेंटिमीटर उंच असे खण पाच मजल्यांत रचले तर पन्नास होतात. पन्नास माणसांची पन्नास अर्धी कामं एका भिंतीवर मावतात. लांब फळ्यांसाठी छताजवळ आडवे कंस, ओल्या मातीच्या भांड्यांसाठी झाकणाचं एक कपाट. त्यानंतर बाकं. रंधा मारायचं बाक उभं राहून हात सैल सोडला असता मनगटाजवळ येईल इतकं, म्हणजे ८५ ते ९० सेंटिमीटर उंच आणि ढकललं तरी हलणार नाही इतकं जड हवं. बारीक कामाचं, डाग द्यायचं (सोल्डरिंगचं) बाक त्याहून दहा-पंधरा सेंटिमीटर उंच, नाहीतर पाठ वाकून दुखते. डाग देताना कथिलाच्या तारेतल्या राळेचा जो धूर निघतो त्याने दमा उसळू शकतो. तिथे धूर ओढून नळीवाटे बाहेर सोडणारा पंखा लागतो. डोक्यावरचा पंखा तोच धूर खोलीभर पसरवतो. वीजजोडणीवर विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, बाकाच्या वरच्या बाजूला सॉकेट, दाराजवळ सगळी वीज तोडणारं एक मोठं बटण. दार सव्वा मीटर रुंद.

आवाजाबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. भिंतींना फोमचे तक्ते चिकटवले की आवाज बाहेर जात नाही, असं मानून लोक खर्च करून बसतात. फोमने खोलीतला घुमारा कमी होतो. आवाज अडवायला वजनदार भिंत आणि बंद फटी लागतात. भिंतीच्या क्षेत्रफळाच्या एक टक्का फट उघडी असेल, तर भिंत कितीही जाड असली तरी आवाज वीस डेसिबलच्या आसपासच अडतो. म्हणून आधी दाराखालची फट, खिडकीची चौकट आणि नळ्यांभोवतालची भोकं रबराने किंवा सीलंटने बुजवावीत. ठोकायच्या बाकाच्या पायांखाली जाड रबर घालावं, कारण तो आवाज हवेपेक्षा जमिनीतून जास्त जातो.

आणि सुरुवातीच्या वर्षी विजेवर चालणारी मोठी करवत आणूच नये. इथे माझा अनेक उत्साही लोकांशी मतभेद होतो. गोल पात्याची करवत चालवणाऱ्याच्या कानापाशी शंभर डेसिबलच्या घरात आवाज करते, बारीक धूळ उडवते, आणि तिचा अपघात बोटं घेऊन जातो. लाकडाच्या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने कर्करोगकारक ठरवलं आहे, आणि सगळ्यांत बारीक, तासन्‌तास हवेत तरंगणारी धूळ घासकामातून निघते. हातरंध्यातून धुळीऐवजी पातळ पापुद्रे निघतात, ते झाडूने गोळा होतात, आणि चांगल्या धारेच्या रंध्याने काढलेल्या पृष्ठभागाला सँडपेपर जवळजवळ लागतच नाही. हातअवजारांची कार्यशाळा रात्री नऊपर्यंत शेजाऱ्यांना त्रास न देता चालते. यंत्रं आणायचीच झाली तर धूळ जिथे निघते तिथेच ओढून घेणाऱ्या व्हॅक्यूमसह, दिवसाच्या ठरावीक वेळेत, आणि दोन माणसं हजर असतील तेव्हाच चालवावीत.

सामायिक कार्यशाळा पैशांअभावीच नाही, बोथट अवजारांमुळेही बंद पडू शकते. पटाशी सगळे वापरतात, धार कुणी लावत नाही. बोथट पटाशी चालवायला जोर लावावा लागतो, जोर लावला की ती निसटते आणि समोर धरलेल्या हातात शिरते. म्हणजे धार हा सुरक्षेचाच भाग आहे. पटाशीची पाठ आधी सपाट करावी लागते, मग उतार २५ अंशांवर आणि अगदी टोकाची कड ३० अंशांवर घासायची. निसणा, म्हणजे धार लावायचा दगड, आधी हजार नंबरचा, मग त्याहून बारीक, सहा हजारचा. हजारच्या दगडावर घासताना पाठीमागे बोटाला लागणारी बारीक कोर सगळ्या रुंदीभर आली की पुढच्या दगडावर जायचं, त्याआधी नाही. दगड मध्ये खोलगट झाला की धार गोल येते, म्हणून दगडही सपाट करत राहावा लागतो. हे काम आठवड्यातून एका संध्याकाळी, ठरलेल्या माणसाने, थोडा मोबदला घेऊन करावं. हे काम ‘सगळ्यांचं’ म्हणून सोडलं की कुणीच करत नाही.

दुसरा धोका दिसत नाही म्हणून गंभीर आहे. जवसाचं तेल लाकडाला लावून झालं की भिजलेली फडकी लोक चुरगाळून कोपऱ्यात टाकतात. ते तेल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून वाळतं आणि वाळताना उष्णता बाहेर टाकतं. फडकं पसरलेलं असेल तर ती उडून जाते. गोळा केलेल्या फडक्यांत साचते, आणि काही तासांत ठिणगीशिवाय आग लागू शकते. फडकी उघड्यावर एकेरी पसरून वाळवावीत किंवा झाकणाच्या धातूच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवावीत. मातीकामाच्या कोपऱ्यातही असेच दोन नियम पुरतात : हात आणि अवजारं आधी बादलीत धुवायची, गाळ तळाशी बसू द्यायचा आणि वरचं पाणी तेवढंच मोरीत सोडायचं, नाहीतर नळी महिन्याभरात चोंदते, आणि जमीन कोरड्या झाडूने कधीच झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची, कारण वाळलेल्या मातीच्या धुळीतली सिलिका फुप्फुसात साठते.

एक आक्षेप मात्र मला गंभीर वाटतो : सगळ्यांच्या जागेतला खण एकाच माणसाला का द्यायचा? पोहण्याच्या तलावावर कुणी आपली मार्गिका राखून ठेवत नाही. याचं उत्तर खण फिरता ठेवण्यात आहे. प्रत्येक कामाला नाव आणि तारखेची चिठ्ठी, मुदत तीन महिने, काम पुढे सरकलेलं दिसलं तर आणखी तीन. मुदत संपल्यावर पंधरा दिवसांची सूचना, मग लाकूड सामायिक साठ्यात आणि न भाजलेली माती पुन्हा पाण्यात. न भाजलेली माती भिजवून, मळून परत वापरता येते, म्हणजे फारसं काही वायाही जात नाही. प्रतीक्षायादी दारावर लावलेली असावी आणि शुल्क खणावर आकारावं, तासांवर नाही. तासावर पैसे घेतले की माणूस घाई करतो, आणि घाईतच गोंद वाळायच्या आत शिकंजा सुटतो.

नगरपालिकेने सुरुवात एका खोलीपासून करावी. चार मोटारींएवढी जागा, पन्नास खण, चार बाकं, संध्याकाळी सहा ते नऊ उघडी, धार लावणारा एक माणूस पगारी. वर्षाने हिशेब घेताना उद्घाटनाला किती जण आले किंवा वहीत किती सह्या झाल्या हे मोजू नये. खणांतून किती कामं पुरी होऊन घरी गेली, किती मुदत संपून टाकून द्यावी लागली आणि प्रतीक्षायादीत किती नावं आहेत, हे तीन आकडे जाहीर करावेत. टाकून दिलेली कामं निम्म्याहून जास्त निघाली तर वेळा किंवा शिकवण्याची व्यवस्था चुकते आहे, ती बदलावी. यादी खणांपेक्षा लांब निघाली, तर पुढच्या प्रभागात दुसरी खोली उघडावी आणि नव्या गृहसंकुलांच्या बांधकाम नियमावलीत पार्किंगच्या कलमाशेजारी तिच्यासाठी कलम घालावं.